वायफायचा डबा कुठे बसवायचा? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी

फायबर घ्यायचं ठरलं की घरात प्लॅनवरून चर्चा झडतात. शंभर एमबीपीएस पुरेल की दोनशे घ्यायचं, वर्षाचे एकदम भरले तर सवलत किती, क्रिकेट कुठल्या प्लॅनमध्ये दिसतं. डबा घरात कुठे बसणार हे मात्र दाराशी शिडी लावून उभा राहिलेला मुलगा ठरवतो. त्याला संध्याकाळपर्यंत आणखी घरं उरकायची असतात. तार जिथून आत आली तिथेच, हातभर अंतरावर, दोन स्क्रू मारून तो मोकळा होतो. मग घरातले सगळे सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, येऊन फोन बघतात आणि कंपनीच्या नावाने खडे फोडतात.

तार कुठून आत येते आणि डबा कुठे बसतो, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. दुसरी तुम्ही ठरवायची, आणि जोडणारा येण्याच्या आदल्या दिवशी ठरवायची.

डबा म्हणजे फायबरचा ओएनटी. तो तीन कामं करतो: काचेच्या तारेतून येणारा प्रकाश वाचतो, वायफाय पसरवतो आणि मागच्या ‘टेल’ किंवा ‘फोन’ लिहिलेल्या भोकातून घरचा लँडलाइन फोन चालवतो.

अर्ज करताना

आपला भाग कर्नाटकच्या दूरसंचार परवाना क्षेत्रात येतो. महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजच्या पाहुण्यांनी सांगितलेला प्लॅन त्याच कंपनीकडे इथे त्याच दरात मिळेलच असं नाही. पत्ता शोधताना पिनकोडवरून शोधा, तो ५९० किंवा ५९१ ने सुरू होणारा. शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं असलं तरी जुन्या नोंदींत जुनं स्पेलिंग सापडतं, म्हणून नावाने शोधून पत्ता दिसला नाही तर लगेच ‘आमच्याकडे सेवा नाही’ असं धरून बसू नका. गल्लीत कोणाकोणाकडे फायबर आहे ते विचारा. शेजारच्याकडे असेल तर तुमच्याकडे येण्यात सहसा अडचण नसते.

अर्ज देतानाच दोन प्रश्न विचारून ठेवा. डबा कंपनीचा की विकतचा? आणि फोनची सोय त्यात आहे का? बाजारातून स्वतः ओएनटी आणायचा विचार असेल तर आधी कंपनीला विचारा. डब्याचा सिरियल नंबर त्यांच्याकडे नोंदल्याशिवाय इंटरनेट चालू होत नाही, आणि फोनची खात्याची माहिती आत भरल्याशिवाय डायल टोन येत नाही. स्वस्तात आणलेला डबा घेऊन वाट बघत बसायची वेळ येते ती याच कारणाने.

घर बघून जागा ठरवा

शहापूर, वडगाव, अनगोळ, खडेबाजार भागातली जुनी घरं अरुंद आणि लांबलचक. रस्त्याला लागून सोपा, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी परडं. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या भिंतींना चिकटलेल्या. डबा सोप्यात ठेवला तर अर्धं वायफाय गल्लीत जातं. अशा घरात जागा एकच : माजघर, आणि त्यातही दारांच्या रांगेत. जुन्या घरांत पुढचं दार, माजघराचं दार आणि मागचं दार बऱ्याचदा एका ओळीत असतं. त्या ओळीवर डबा टांगला की लहरींना जाड भिंती भेदाव्या लागत नाहीत, उघड्या दारांतून त्या मागेपर्यंत जातात.

खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, चिऱ्याच्या नाहीतर मातीच्या जाड भिंती आणि वर कौलं. भिंत जितकी जाड तितकी रेंज गिळते, पावसाळ्यात ओल धरली की आणखी गिळते. कौलं आणि माळ्याच्या फळ्या मात्र लहरींना फारशी अडवत नाहीत. म्हणून अशा घरात डबा उंच, तुळईजवळ लावला तर लहरी भिंतींच्या वरच्या मोकळ्या भागातून पलीकडच्या खोलीत उतरतात. पलीकडच्या खोलीत रेंज येत नसेल तर डबा दोन फूट वर सरकवून बघा, कधीकधी तेवढ्यावर भागतं.

टिळकवाडी, हिंदवाडी किंवा नव्या प्लॉटवरचं स्लॅबचं दुमजली घर असेल तर अडचण उलटी. विटांच्या भिंती सोप्या, पण स्लॅबमधल्या सळ्या आडव्या येतात. इथे जिन्याच्या लँडिंगजवळची भिंत चांगली, कारण जिना म्हणजे स्लॅबला पडलेलं भोकच. डब्याला बाहेर अँटेना असतील तर एक सरळ उभी ठेवा आणि एक आडवी करा. उभी अँटेना आपल्याच मजल्यावर चांगली पसरते, आडवी वर-खाली.

जागा मनात आली की खिळा ठोकण्याआधी तपासा. एका मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून तो त्या जागी, त्याच उंचीवर, दोऱ्याने नाहीतर टेपने टांगा. दुसरा मोबाइल त्याला जोडून घरभर फिरा. वायफायची ताकद आकड्यात दाखवणारी फुकट अ‍ॅप्स असतात. आकडा उणे डीबीएममध्ये येतो. उणे ५० ते ६० म्हणजे उत्तम, उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पुढे गेला की गाडी अडखळते. स्वयंपाकघर, मुलांच्या अभ्यासाची जागा आणि वडीलधारे दुपारी आडवे होतात तो पलंग, एवढी ठिकाणं तपासली तरी पुरे. मोबाइलचा हॉटस्पॉट डब्याइतका जोरकस नसतो. त्यामुळे हॉटस्पॉटवर जे पोचलं ते डब्यावर सहसा पोचतंच.

आता कुठे ठेवू नये ते. लोखंडी कपाटावर किंवा शोकेसच्या काचेआड नको. टीव्हीच्या मागे नको. मायक्रोवेव्ह आणि फ्रिजजवळ नको. मोठ्या आरशामागे नको. आमच्याकडे बायका मांडणीवर पितळी-स्टीलची भांडी अशी रचतात की ती अख्खी भिंत धातूची होते. त्या मांडणीच्या मागच्या खोलीत रेंज मेलीच म्हणून समजा. पाण्याचंही तसंच. दोन-चार दिवसांनी नळ येणाऱ्या भागात घरोघरी पिंपं, घागरी, हंडे भरून ओळीने ठेवलेले असतात. पाणी वायफायच्या लहरी शोषतं. डबा त्या ओळीच्या वर, छातीपासून डोक्याच्या उंचीवर असू द्या.

वडगाव-खासबागेत घरातच माग असेल तर डबा मागाच्या खोलीत नको. सुताची बारीक धूळ हवेत तरंगत येऊन डब्याच्या जाळीत बसते, आत गरम होतं आणि डबा उगाच बंद-चालू होत राहतो. महिन्यातून एकदा रंगाच्या कोरड्या ब्रशने जाळी झाडा, ओला कपडा लावू नका.

तार आत आणणं

खांबावरून घरापर्यंत येते ती चपटी काळी तार. तिच्या आत केसासारखा काचेचा धागा आणि कडेला ताण घेणारी पोलादी तार असते. काच वीज वाहून नेत नाही, पण पोलाद नेतं. वळवाच्या पावसात आपल्याकडे विजा कशा कडाडतात ते सांगायला नको. तेव्हा जोडणाऱ्याला सांगा की पोलादी तार बाहेरच्या हुकावरच बांधून तिथेच तोडायची, घरात फक्त काचेचा भाग आणायचा.

रस्ता ओलांडून येणारी तार उंच हवी. निपाणी, चिकोडी, अथणी भागात गळीत हंगाम सुरू झाला की उसाने ओसंडणाऱ्या ट्रॉल्या गल्लीबोळांतून जातात आणि खाली लोंबणारी प्रत्येक तार सोबत घेऊन जातात. शहरात तेच काम गणपतीच्या मिरवणुकीत होतं. मंडळाची पोरं काठीने तारा वर उचलतात, त्यात एखादी तुटतेच. शक्य असेल तर तार माडीच्या किंवा गच्चीच्या उंचीवरून घ्या. हेस्कॉमच्या खांबावरून घरात येणाऱ्या विजेच्या तारेला ही तार बांधू देऊ नका, मुलगा कितीही म्हणाला की ‘काय होत नाही ओ’.

भिंतीला भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं असू द्या, म्हणजे पाणी आत वाहणार नाही. भोकाच्या बाहेरच तारेला खाली एक झोका सोडायचा, पावसाचं पाणी तिथून ठिबकून जातं. भोक सिलिकॉनने बुजवा. चिऱ्यात ड्रिल सहज जातं पण कडा भुसभुशीत होतात, म्हणून स्क्रूसाठी लांब रावल प्लग वापरा किंवा आधी एक लाकडी फळी पक्की ठोकून डबा त्या फळीवर लावा. ओल धरणाऱ्या भिंतीत फळीचा आणखी एक फायदा : डबा भिंतीला चिकटत नाही, मागे हवा खेळते. आणि परड्याकडून तार आणायची झाली तर भाताच्या कणगीजवळून नेऊ नका, तिथे उंदीर-घुशी असतात. कोपऱ्यातून न्यायचीच असेल तर प्लास्टिकच्या पाइपातून न्या.

आता तार आत सोप्यात आली. डबा माजघरात हवा. इथे जोडणारा म्हणेल, ‘तार पुरत नाही’. त्यावर उपाय सोपा आहे. तार आत येते तिथे एक लहान पांढरी पेटी बसवून घ्या आणि त्या पेटीपासून डब्यापर्यंत तयार फायबर पॅच कॉर्ड ओढा. दहा-पंधरा मीटरची कॉर्ड काही शे रुपयांत मिळते. तिची टोकं समोरच्या भोकांच्या रंगाचीच असावीत, हिरव्याला हिरवं. निळ्या टोकाची हिरव्यात घालू नका. हिरव्याचं तोंड तिरपं घासलेलं असतं, दोन्ही नीट बसत नाहीत आणि सिग्नल पडतो.

फायबरला कोपऱ्यावर काटकोनात वळवायचं नाही. बांगडीपेक्षा लहान वेढा पडला की प्रकाश बाहेर गळायला लागतो. उरलेली दोन-तीन मीटर तार कापू देऊ नका, मोठं वेटोळं करून पेटीजवळ बांधून ठेवा. उद्या रंगकाम निघालं किंवा डबा हलवायचा झाला की तीच उपयोगी पडते. टोकाला बोट लावायचं नाही आणि त्यात डोकावून बघायचं तर अजिबात नाही. त्यातला लेझर डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो.

जोडणाऱ्याकडे पॉवर मीटर असतो. डबा लावण्याआधी तार त्यात घालून आकडा दाखवायला सांगा. हाही उणे डीबीएममध्येच. उणे १५ ते उणे २४ असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या जवळ असेल तर आज चालेल, पण पावसाळ्यात रडवेल. तिथेच सांधा पुन्हा करून घ्या. तीन डीबी कमी होणं म्हणजे प्रकाश निम्मा होणं. आकडा आणि तारीख डब्याच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

वीज

तांब्याच्या तारेवरचा जुना फोन लाइट गेली तरी चालायचा, कारण त्याला वीज एक्सचेंजच्या बॅटरीतून यायची. फायबरवरचा फोन डब्याच्या विजेवर चालतो. लाइट गेली की इंटरनेटबरोबर फोनही गेला. घरात एकटं म्हातारं माणूस असेल तर हे आधी समजून घ्या आणि बॅकअप घ्याच.

घरात इन्व्हर्टर असेल तर डब्याचा प्लग त्याच्या लाइनवर घ्या. डबा दहा-बारा वॅटच घेतो, बॅटरीला त्याची जाणीवही होत नाही. नसेल तर राऊटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो. त्याच्या खोक्यावर ८८०० एमएएच असा मोठा आकडा असतो, त्याला भुलू नका. तो आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. गुणाकार केला की सुमारे ३२ वॅट-तास येतात, नुकसान वजा जाता दहा वॅटच्या डब्याला अडीच तास. पाच-सहा तास लाइट जाणाऱ्या गावात याहून मोठा हवा. डब्याच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९ हे बघूनच यूपीएस घ्या. चुकलं तर डबा जळू शकतो.

तुमचा डबा जिवंत असूनही नेट जाऊ शकतं. प्रकाश घराघरांत वाटणाऱ्या गल्लीतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, पण केबलवाल्याच्या खोलीतल्या यंत्राला लागते. लाइट गेल्यावर दर वेळी तास-दीड तासाने नेट जात असेल तर त्याच्याकडची बॅटरी संपतेय. घरात आणखी खर्च करण्याऐवजी गल्लीतल्या चार गिऱ्हाइकांनी मिळून त्याला गाठा.

विजा चमकायला लागल्या की अडॅप्टरचा प्लग काढा. गच्चीवरच्या कॅमेऱ्याकडून किंवा टीव्हीकडून येणारी लॅनची तारही काढा. बिघाड त्या तांब्याच्या तारेतूनच जास्त येतो, आणि ती काढायची कोणाला आठवत नाही.

फोन जोडणं

साधा फोन ‘टेल’ भोकात घातला की झालं. घरात खोल्याखोल्यांत जुनी टेलिफोनची वायरिंग असेल आणि तीच वापरायची असेल, तर बाहेरून येणारी जुनी तांब्याची जोडी आधी पूर्ण तोडून वेगळी करा. नाहीतर बाहेरचा दाब डब्यात शिरून ते भोक कायमचं निकामी होऊ शकतं. एका भोकावर दोन-तीन साधे फोन चालतात. तबकडीचा जुना फोन वाजेल, पण त्यावरून नंबर लागेलच असं नाही. कॉर्डलेस २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा असेल तर त्याचा तळ डब्यापासून लांब ठेवा, दोघं एकमेकांच्या पायांत येतात.

जोडणारा मुलगा जायच्या आत फोन करून बघा आणि मोबाइलवरून घरच्या नंबरावर करूनही बघा. एक चालतं आणि दुसरं चालत नाही असं होतं. घरच्या फोनवरून मोबाइलला लावताना पुढे शून्य लावायचं. १५ जानेवारी २०२१ पासून देशभर हा नियम आहे. वडीलधाऱ्यांना हे माहीत नसतं आणि ‘फोन बिघडला’ म्हणून तक्रार येते. बेळगावचा कोड ०८३१, कोल्हापूरचा ०२३१; यांतही गोंधळ होतो. फोनशेजारी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा. आणीबाणीचा नंबर ११२.

सेटिंग

ब्राउझरमध्ये बऱ्याच डब्यांवर १९२.१६८.१.१ टाकलं की पान उघडतं. नाव आणि पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतात, त्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. मग हे दोन्ही पासवर्ड बदला : वायफायचा आणि या पानाचा. वायफायचा सगळे बदलतात, पानाचा कोणी बदलत नाही. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने जोडायची सोय, बंद करा. सुरक्षेत डब्ल्यूपीए२ किंवा ३ निवडा.

वायफायचे पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ लांब जातं पण हळू, ५ वेगवान पण भिंतीला हार मानतं. दाट गल्लीत शेजाऱ्यांची सगळी वायफाय २.४ वर गर्दी करतात. चॅनल ‘ऑटो’वर न ठेवता १, ६, ११ यांपैकी जे मोकळं दिसेल ते द्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. जवळच्या टीव्हीला आणि लॅपटॉपला ५ वर घ्या. शंभराच्या वरचा प्लॅन असेल आणि तारेने काही जोडायचं असेल तर डब्याची मागची बाजू नीट वाचा. स्वस्त डब्यांत चार लॅन भोकांपैकी एकच गिगाबिटचं असतं, बाकीची शंभरावर अडतात.

वरच्या मजल्यासाठी

रेंज वाढवणारा छोटा एक्सटेंडर घेऊ नका, असं माझं मत. तो ज्या वाटेने ऐकतो त्याच वाटेने पुढे बोलतो, वेग निम्म्यावर येतो. त्यापेक्षा वर एक लॅनची कॅट ६ तार न्या आणि अडगळीतला जुना राऊटर तिथे लावा. त्याआधी तो थोडा बदलावा लागतो. जुन्या राऊटरचं पान उघडा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, वायफायचं नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच द्या, चॅनल वेगळा द्या. मग खालून आलेली तार त्याच्या लॅन भोकात घाला, वॅनमध्ये नको. पत्ता बदलायला विसरलात तर दोन्ही डबे एकाच पत्त्यावर भांडतात आणि अख्ख्या घराचं नेट जातं.

दिवे आणि तक्रार

‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर, म्हणजे फायबर ठीक. तो लुकलुकत राहिला तर डबा नोंदणीसाठी दार ठोठावतोय. ‘एलओएस’ लाल झाला की प्रकाश येतच नाही, आणि तेव्हा डबा पुन्हापुन्हा बंद-चालू करण्यात अर्थ नाही. तार कुठे दबली, दुमडली, कपाटामागे चेंगरली का ते बघा, मग गच्चीवर जाऊन बाहेरची बघा. ‘टेल’चा दिवा बंद आणि बाकी सगळं ठीक असेल तर घरात शोधायला काही नाही, फोनची नोंदणी कंपनीकडून तुटलेली असते आणि ती त्यांनीच करायची.

तक्रार करताना कुठला दिवा कोणत्या रंगाचा आहे ते पहिल्या वाक्यात सांगा. कॉल सेंटरवर मराठी मिळेलच असं नाही, कन्नड, हिंदी नाहीतर इंग्रजीत बोलावं लागतं. दिव्याचा रंग मात्र कुठल्याही भाषेत सांगता येतो आणि त्यावरून माणूस पाठवायचा की तिथूनच दुरुस्त करायचं ते ठरतं. तक्रारीचा डॉकेट नंबर घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. माणूस आला की डब्याच्या पाठीवरची चिकटपट्टी दाखवा आणि पुन्हा पॉवर मीटर लावायला सांगा. जुना आकडा उणे १९ आणि आजचा उणे २६ असेल, तर ‘आता चालू झालंय की ओ’ म्हणून त्याला शिडी काढू देऊ नका.